सेसोथोतली पोरं आणि त्यांची नामं

प्रिय मन्या,

फोनवर तू विचारलंस की तिकडे लेसोथोच्या राजधानीत, मासेरूत, पोरं ती पंधरा लिंगांची भाषा शिकतात तरी कशी, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. म्हणून आता सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे ती लिंगं नाहीत रे, वर्ग आहेत. सेसोथोत, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत, प्रत्येक नाम कुठल्या तरी वर्गात मोडतं आणि त्या वर्गाचा एक तुकडा नामाच्या आधी लागतो. मोथो म्हणजे माणूस, बाथो म्हणजे माणसं. सेफाते झाड, दिफाते झाडं. आपल्याकडे मुलगा-मुलगी-मुलगे हे शब्दाच्या शेपटाला कळतं, इथे तोंडालाच. आणि तेवढ्यावर भागत नाही, मागून येणारे सगळे शब्दही तोच सूर धरतात. 'सेफाते सेना से सेहोलो से वेले', म्हणजे हे मोठं झाड पडलं. मोठ्याने म्हणून बघ, एवढ्याशा वाक्यात 'से' पाच वेळा येतो!

आता व्याकरणाची पुस्तकं सांगतात की हा वर्ग माणसांचा, तो जनावरांचा वगैरे. खरं आहे, पण अर्धंच. न्चा म्हणजे कुत्रा आणि न्त्लो म्हणजे घर, दोन्ही एकाच वर्गात. लेशोदु म्हणजे चोर, तो माणूस असूनही माणसांच्या वर्गात नाही (बरोबरच आहे म्हणा). मग दोन वर्षांच्या पोराने अर्थावरून वर्ग लावायचा म्हटला तर त्याचं डोकंच फिरेल. पण ते तसं करतच नाही, आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हेच.

कॅथरीन डेमुथ नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या मोखोत्लोंग जिल्ह्यातल्या डोंगराळ खेड्यात राहिल्या आणि चार लहान मुलांचं घरातलं बोलणं, आज्या-भावंडांसकट, महिनोन्महिने टेप केलं. त्यात दिसलं असं की पोरं आधी पुढचा तुकडा गाळतात, नुसतं 'फाते' म्हणतात. मग तिथे एखादा अस्पष्ट स्वर येतो, 'ए-फाते' असं काहीतरी, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत अख्खं सेफाते. कारणही साधंच आहे, सेसोथोत शेवटून दुसरं अक्षर लांबवतात, त्यामुळे पोराच्या कानात 'फाऽते' ठसतं आणि सुरुवातीचा 'से' निसटतो. पण मोथोसारखा शब्द असेल, म्हणजे तुकडा काढला की एकच अक्षर उरतं, तिथे ती तुकडा सहसा गाळत नाहीत.

आमच्या घरमालकीणबाईंची नात सध्या याच वयात आहे. खुर्चीला सेतुलो म्हणतात, डच लोकांच्या 'स्टूल'वरून आलेला शब्द, पण 'से' ऐकू आला म्हणून इथल्यांनी तो सरळ 'से'च्या वर्गात टाकला आणि अनेकवचन दितुलो करून मोकळे झाले. तर ही पोरगी म्हणते 'तुलो सेना', ही खुर्ची. नामावरचा 'से' गायब, पण मागच्या शब्दावरचा 'से' अगदी बरोबर! आजी काही सुधारत वगैरे नाही, 'सेतुलो से काए?', खुर्ची कुठंय, असं विचारत विचारत भाजी चिरत राहते. आणि गंमत म्हणजे मोठी माणसंसुद्धा मागे 'सेना' येणार असेल तर पुढचा 'से' कधीकधी खातात, म्हणजे पोरगी चुकतेय असं म्हणायचीही सोय नाही. 'मो' किंवा 'बा' मात्र मोठे असे गाळत नाहीत, आणि कुठला तुकडा गाळलेला चालतो हेही पोरं ऐकूनच पकडतात.

मला विचारशील तर अर्थ-बिर्थ हा आपल्यासारख्या मोठेपणी शिकणाऱ्यांचा आधार. मी अजून शब्द आला की 'हा माणूस का वस्तू' असा विचार करत बसतो, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

तुमची छकुली आता दोनची झाली ना? 'माझी वही', 'माझं पुस्तक' हे ती बरोबर म्हणते का बघ, आणि वहीला 'ती' कोणी शिकवलं नाही तरी कुठून आलं तेही वहिनींना विचार. जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव, इथे आजींना ऐकवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बंड्या