साडेसातच्या बॅचमधून

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय सुमे,

डेक्साच्या, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीच्या, रिपोर्टचा फोटो मिळाला. कंबरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण हाडांच्या मानाने घनता) उणे १.८, आणि खाली तुझी टीप, "म्हातारी झाले गं." अगं, उणे १ ते उणे २.५ याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. हाडं विरळ व्हायला लागलीत, एवढाच त्याचा अर्थ. आई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तू धास्तावली आहेस हे मला कळतं. पण त्याच दमात तू माझ्या जिममध्ये वजनं उचलण्यावरून विचारलंस, "पन्नाशीच्या बाईने कसली लोखंडं उचलायची हौस करायची?" याचं उत्तर फोनवर दिलं असतं तर दहा मिनिटांत आपली जुंपली असती. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हाडांचं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच असेल. त्यांच्या गोळ्या चालू ठेव. चालणंही सोडू नकोस. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आपण दोघींनी जेवढ्या फेऱ्या मारल्या, त्याने दम वाढला आणि गावभरच्या बातम्याही कळल्या. पण रोजच्या चालण्याचा भार हाडांच्या अंगवळणी पडलेला असतो. सवयीपेक्षा जास्त भार आला तरच ती भर घालायचं मनावर घेतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर याचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. काही जणींना घरी हलका व्यायाम दिला. बाकीच्यांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, डेडलिफ्ट (ते पुढे सांगते), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा), वजनं लावायचा लोखंडी दांडा, म्हणजे बार, डोक्यावर ढकलणं आणि थोड्या उड्या, असं करून घेतलं, आणि तेही चांगल्या भारी वजनाने. आठ महिन्यांनी या बायकांच्या कंबरेच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली होती.

हे वाचून उद्याच कुठे धावत जाऊ नकोस. त्या बायकांवर प्रत्येक वेळी जाणकार माणसाची नजर होती आणि सुरुवात अगदी हलक्याने झाली होती. तूही आधी डॉक्टरांना विचार. मणक्यात एखादं जुनं, न कळलेलं फ्रॅक्चर नाही ना, बीपी ताब्यात आहे ना, हे बघून घे. मग पुढचं.

आता आमची जिम. गंगापूर रोडच्या एका गल्लीत पत्र्याच्या छताचं गोडाऊन आहे, तीच. आरसे नाहीत, एसी नाही, डिसेंबरात बारला हात लावला की बोटं बधिर होतात. सिंहस्थाच्या कामांनी अर्धे रस्ते खोदलेले, त्यामुळे पोचेपर्यंत निम्मा वॉर्मअप झालेलाच असतो. आधी मी एका चकचकीत ठिकाणी वर्षाची फी भरली होती. तिथे मला ट्रेडमिल दाखवली, दोन गुलाबी डंबेल्स हातात दिली आणि प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारायला बघितलं. नावही कोणी विचारलं नाही. (पावडरीचं म्हणशील तर मला ते प्रकरण मुळीच पटत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला साधारण शेहेचाळीस. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. अंडी, मटकी, डाळ, दही, शेंगदाणे यांतून ती येतात. सकाळी नुसत्या चहा-खारीवर राहिलीस तर मात्र येणार नाहीत.)

इथे भिंतीवर पांढरा बोर्ड आहे आणि त्यावर साडेसातच्या बॅचची नावं. समोर त्या दिवशी किती वजन, किती सेट, ते ज्याने त्याने लिहायचं. कोच मनमाडचा. तिकडे वेटलिफ्टिंगचं वेड आहे, पोरी राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, तो त्याच मुशीतला. बोलतो कमी. पहिले कितीतरी दिवस त्याने माझ्या हातात पीव्हीसीची नळी दिली होती. बायकांचा बार १५ किलोचा असतो, तो मिळायलाही वाट बघावी लागली.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहायचं, एवढंच दिसतं. पण पाय बारखाली अशा बेताने सरकवायचे की वरून बघितलं तर बार पावलाच्या मधोमध दिसावा. मग कंबर मागे ढकलत वाकायचं, नडगी बारला टेकवायची, पाठ सपाट, आणि कोचची आरोळी, "मॅडम, बगलेत पेपर दाबून धरा!" पोटात श्वास भरून घट्ट धरायचा आणि पायांनी जमीन खाली रेटायची. बार नडगी-मांडीला घासतच वर यायला हवा. मी अकरावीला टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, शिकवते ना, त्यामुळे हे मला फार आवडलं. पन्नास किलोचा बार अंगापासून दहा सेंटिमीटर पुढे गेला की कंबरेवर साधारण पन्नास न्यूटन-मीटर जादा टॉर्क. फळ्यावर हे गणित मी किती वर्षं सोडवून दाखवतेय. ते पाठीला पहिल्यांदा इथेच कळलं. सध्या मी बार धरून ५५ किलोवर आहे. गॅस सिलिंडर आता सरकवत नाही, उचलते. आमचे हे लगेच बाजूला होतात.

बॅचमधली माणसं मात्र तुला बघायलाच हवीत. प्रेसमधून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, नाशिकरोडहून स्कूटर मारत येतात. नोटांच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे की काय, त्यांच्यासमोर रेप, म्हणजे वजन किती वेळा उचललं ते, मोजताना एकही जास्तीचा खपवता येत नाही. "सात झाले, आठवा कुठाय?" मखमलाबादचे बापू द्राक्षबागेत फवारणी उरकून येतात, छाटणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत गायब. त्यांना किलो समजत नाही, ते कॅरेटमध्ये बोलतात. वीस किलोचं एक कॅरेट. माझ्या स्क्वॉटला म्हणाले, "ताई, दोन कॅरेट झाले की! मजूर म्हणून घेतो तुम्हाला." आणि सातपूरच्या कंपनीत सीएनसी मशीन चालवणारा एक पोरगा. रात्रपाळी संपवून थेट येतो, डोळे लाल. त्या दिवशी कोच त्याला जड काही करू देत नाही, नुसतं अंग मोकळं करायला लावतो आणि घरी पिटाळतो.

एरवी आम्ही चौघं एका लिफ्टमध्ये भेटलो असतो तर मजल्याचा आकडा सोडून काही बोललो नसतो.

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याचे दोरी ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोरीला माणसं वाढवत गेलं की प्रत्येक जण एकट्याने ओढतो त्यापेक्षा कमी जोर लावतो. थोडंफार ताळमेळ न जमल्यामुळे, आणि थोडं, आपल्या भाषेत, अंग चोरल्यामुळे. आमच्या कॉलेजच्या कमिट्या आठव. मग इथे घोळक्यात जोर का वाढतो, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, इथे बार ज्याचा त्याचा आहे. तुझ्या बारखाली दुसरं कोणी येत नाही, पण तू त्याच्याखाली असताना बाकीचे बघत असतात आणि मोजत असतात.

ते बघणं कसं असतं ते सांगते. काकू बेंच प्रेस करत होत्या. बेंचवर उताणं पडायचं, बार छातीपर्यंत आणायचा, परत वर ढकलायचा. बारला दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो, म्हणजे एकूण २५. डोक्यामागे स्पॉट द्यायला, म्हणजे बार अडकला तर धरायला, सातपूरचा पोरगा. चार रेप झाले. पाचव्याला बार निम्म्यावर येऊन अडकला. काकूंचे हात थरथरायला लागले, एक कोपर बाहेर गेलं. पोराचे दोन्ही तळवे बारच्या खाली, बोटभर अंतरावर, बारबरोबर सरकत. पण टेकले नाहीत. माझ्याच तोंडून "घे रे, घे" निघणार होतं, तेवढ्यात कोचने हाताने गप्प केलं. नियम असा आहे की उचलणारा "घे" म्हणाला किंवा बार खाली जायला लागला, तरच हात लावायचा. बार खाली जात नव्हता. मुंगीच्या पावलांनी वर जात होता. कोपरं सरळ झाली, बार रॅकवर आदळला, काकू उठून बसल्या आणि आधी त्या पोराकडे वळल्या. "हात लावला असतास ना, तर चहा बंद केला असता तुझा."

पुढे त्याच पोराला कंपनीने ब्रेक दिला. कंत्राटी मुलांना देतात तसा, आज या, उद्यापासून नको. तो यायचा थांबला. बोर्डवर त्याचं नाव तसंच, समोरची जागा कोरी. काकूंना राहवलं नाही, त्यांनी परस्पर त्याची तीन महिन्यांची फी भरून टाकली. पोरगा आला तो तणतणतच. "मी मागितली होती का?" काकू रडवेल्या. तो आठवडाभर पलीकडच्या रॅकवर एकटाच व्यायाम करत होता, रेपसुद्धा मनातल्या मनात मोजायचा. चांगल्या माणसांत असं अबोल्याचं वातावरण बघवत नाही गं, स्टाफरूममध्ये चालतं.

बापूंनी काय केलं बघ. ते फीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाणी पिता पिता विचारलं, "पिकअप चालवता येते का? तोडणी सुरू झालीये, माझा ड्रायव्हर गावाला पळालाय." ड्रायव्हर खरंच पळाला होता का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पोरगा हंगामभर द्राक्षं वाहत होता. त्या पैशांतून त्याने काकूंची फी परत केली, सुट्ट्या नोटांत, आणि काकूंनी त्या सवयीने दोनदा मोजल्या. आता तो अंबडच्या कंपनीत लागलाय, आणि काकूंना स्पॉट परत तोच देतो. दुसऱ्या कोणाला त्या उभं राहू देत नाहीत.

आई पडल्या तेव्हा सगळे तुझ्याभोवती गोळा झाले, प्रत्येकाने तुझ्या हातातलं काही ना काही काढून घेतलं आणि सल्ले दिले, असं तू लिहिलं होतंस. माझाही फोन त्यात होताच. तेव्हा मला हे सगळं आठवलं होतं, पण फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

पुण्यात जागा शोधशील तर फी भरण्याआधी एक अख्खी बॅच नुसती बसून बघ. बसू देत नसतील तर चालायला लाग. कोच तुझा रिपोर्ट मागतो का, काठीपासून सुरुवात करतो का, एखादी बाई "आज नको" म्हणाली तर तिला टोमणा मारतो का, हे बघ. पाठ गोल करून वाकवणारे व्यायाम आणि उताणं पडून पोट आवळत उठायचे क्रंचेस तुझ्या रिपोर्टला सध्या नकोत, हे त्याला न सांगता माहीत असलं पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंच्या व्यायामाचे किमान दोनच सांगते. पळायचे जाड, मऊ तळव्याचे बूट नेऊ नकोस, वजनाखाली पाय डगमगतो. साधे सपाट कॅनव्हासचे घे.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी येशील ना, तेव्हा दोन दिवस माझ्याबरोबर साडेसातला चल. कोचला विचारून ठेवलंय. काकूंनी तर बोर्डवर कोपऱ्यात तुझं नावही लिहून टाकलंय, "सुमा (पुणे)", आणि समोर पीव्हीसी. शनिवारी बॅच संपली की सगळे मिसळ खायला जातात, काळ्या मसाल्याची, बापू तीन पाव जास्त घेतात. बिल नव्या माणसाने द्यायचं अशी पद्धत आहे. ती मी पाडलेली नाही, पण सुटे पैसे घेऊन ये.

आईंना नमस्कार. वॉकर घेऊन चालायला लागल्या का, ते कळव.

तुझी,
नंदा