काकूंच्या पातळावर उमटलेला कठडा

नागपूर,
धुळवडीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण असे की, तुझ्या आईची, म्हणजे काकूंची जी दोन पातळं तू माझ्या स्वाधीन केली होतीस, त्यांपैकी एकावर गेल्या मंगळवारच्या गारपिटीत डाग पडले आहेत आणि ते निघण्यासारखे नाहीत. फोनवर सांगावे म्हणून मी दोनदा तुझा नंबर लावला, पण दोन्ही वेळा लेकीच्या प्रकृतीची चौकशी करून आणि बाळंतविड्याविषयी बोलून फोन ठेवून दिला. तुझ्याशी मी खोटे बोलले नाही, पण खरेही सांगितले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे. म्हणून जे घडले ते पहिल्यापासून लिहिते. वाचून झाल्यावर रागवावेसे वाटले तर जरूर रागव.

तुझ्या लेकीच्या बाळाच्या गोधडीच्या वरच्या थराला पळसाचा रंग द्यायचा, हे आपले दिवाळीतच ठरले होते. यंदा माघ सरता सरता रामटेकच्या रस्त्याला पळस असा फुलला होता की पान दिसत नव्हते. झाडावरची फुले मी तोडत नाही. सकाळी लवकर गेले की खाली पडलेली ताजी फुले पुरेशी मिळतात. तीन फेऱ्यांत दोन पोती फुले आणली आणि आठ दिवस माजघरात जुन्या चादरीवर पसरून सावलीत वाळवली. वाळल्यावर त्यांचे वजन अगदी थोडे भरते, आणि रंग खोल हवा असेल तर कापडाच्या वजनाइतकी तरी वाळलेली फुले लागतात, म्हणून एवढा खटाटोप.

सुती कापडाला हा रंग नुसत्या उकळण्याने धरत नाही. आधी पातळ धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली वर्षानुवर्षांची खळ काढली. काकू दर धुण्याला खळ घालत असत, त्यामुळे पहिले पाणी दुधासारखे निघाले. मग रात्रभर हिरड्याच्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, दुसऱ्या दिवशी तुरटीच्या कोमट पाण्यात बुडवले. हिरड्यातला तुरट अंश सुताला चिकटतो, तुरटी त्या तुरट अंशाला चिकटते आणि रंग तुरटीला धरून राहतो. यांतला एक दुवा गाळला तर पहिल्या दोन धुण्यांतच सगळे फिके पडते. फुले उकळण्यासाठी स्टीलचे मोठे पातेले घेतले, कारण हिरडा लावलेल्या कापडाला लोखंड लागू द्यायचे नसते. हे मला पक्के ठाऊक होते, म्हणूनच पुढे जे झाले त्याचा अधिक सल आहे.

पातळ फाडून रंगवले असते तर काम सोपे झाले असते, पण ते फाडायला माझे मन होईना. अखंडच रंगवले. सोमवारी रात्री पातेल्यातून काढले तेव्हा त्याला झेंडूच्या फिकट पाकळीसारखा पिवळा रंग चढला होता आणि काठाच्या बारीक तपकिरी रेघा त्यावर पूर्वीपेक्षाही ठळक दिसत होत्या. तू जवळ हवी होतीस असे त्या क्षणी फार वाटले.

मंगळवारी सकाळी ते गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली दोरीवर वाळत घातले. पळसाचा रंग उन्हाने उडतो, म्हणून सावली. त्याच दिवशी सासूबाईंच्या कुरडयांचा घाट होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटेच शिजवला होता आणि दहा वाजेपर्यंत सोऱ्याने पाडलेल्या कुरडया दोन खाटांवर पसरून झाल्या होत्या. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, तरी त्या एकेक पायरी धरून वर आल्या आणि सावलीत खुर्ची टाकून कावळे हाकत बसल्या. हे खाली कूलरमध्ये खसच्या नव्या ताट्या बसवत होते. ऊन असे कडक होते की अनवाणी पाय टेकवत नव्हता. हवामान खात्याने वादळी पाऊस आणि गारपिटीचा इशारा आदल्या दिवशीच दिला होता. तो मी वाचला होता आणि आकाशाकडे बघून मनाआड केला. यात दोष माझा एकटीचा आहे.

खरे म्हणजे आपल्याकडे कडक ऊन हीच या दिवसांत गारपिटीची पूर्वतयारी असते. फाल्गुन-चैत्रात जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून दमट वारे विदर्भापर्यंत येतात आणि त्याच वेळी उंचावरून पश्चिमेकडचे थंड वारे वाहत असतात. खालची तापलेली दमट हवा जोराने वर चढते, ढग काही तासांत उंचच उंच वाढतो, त्यातले थेंब वर गोठतात आणि वर जाणारा वारा त्यांना पेलतो तोवर ते मोठे होत राहतात. लहानपणापासून आपण दर एक-दोन वर्षांनी हे पाहत आलो आहोत, तरी दर वेळी ते अचानकच वाटते.

चारच्या सुमारास पश्चिमेला काळी रेघ दिसली, आणि कुरडया गोळा करायला वाकते न वाकते तोच वारा सुटला. अशा वेळी माणूस जे समोर असते ते आधी उचलतो. मी सासूबाईंना जिन्यात नेऊन बसवले, मग दोन्ही खाटांवरच्या कुरडया चादरीसकट गुंडाळून आत टाकल्या, आणि पातळासाठी मागे वळले तेव्हा दोरी तुटलेली होती. पत्र्यावर पहिल्या गारा पडल्या त्या बोराएवढ्या होत्या. मग सुपारीएवढ्या आल्या आणि पत्र्याचा आवाज असा झाला की मी सासूबाईंच्या शेजारी बसून काय म्हणते आहे हे त्यांनाही ऐकू येईना. दोनदा दारातून बाहेर पाऊल टाकले आणि दोन्ही वेळा ह्यांनी मागे ओढले. गारा दहा-बारा मिनिटांत थांबल्या, पण पाऊस आणि वीज तासभर चालूच होती. सगळे शांत झाल्यावर बाहेर आले तर गच्चीच्या कोपऱ्यात गारांचा पांढरा ढीग, पायाखाली निंबाच्या पानांचा चिखल, आणि पातळ पूर्वेकडच्या लोखंडी कठड्याला दोन पदरी गुंडाळलेले.

ते सोडवताना हाताला काही वेगळे जाणवले नाही. घरातली वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात धुऊन आतल्या खोलीत पसरले आणि डाग दिसले ते बुधवारी सकाळी. गंजलेल्या लोखंडाला ओले कापड तासभर चिकटून राहिले, आणि हिरडा व लोखंड एकत्र आले की जो काळा रंग होतो तो झाला. पूर्वी लिहिण्याची शाई याच रीतीने करीत. कलमकारीतल्या काळ्या रेघाही हिरडा लावलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्यानेच काढतात. म्हणजे हा वरवरचा मळ नसून खरा रंग आहे, सुताच्या आत बसलेला.

तरीही मी प्रयत्न केला, तो तुला सांगायलाच हवा. पदराच्या टोकाला, जिथे डाग अगदी लहान होता, तिथे वीतभर जागेत लिंबाचा रस लावून पाहिला. काळा रंग उतरून तपकिरी झाला, पण त्याबरोबर पळसाचा पिवळाही गेला आणि तेवढा भाग मळकट पांढरा पडला. आंबट पदार्थ लोखंडाला जसा सोडवतो तसा तुरटीलाही सोडवतो, म्हणून हा उपाय सगळ्या डागांवर केला तर पातळाला चट्टे पडतील. मी तिथेच थांबले.

आता डाग कसे आहेत ते लिहिते. पातळाचा साधारण तिसरा हिस्सा असा आहे की ज्यावर आमच्या कठड्याची नक्षी उमटली आहे. कठडा तुला आठवतो ना? उभ्या सळया, आणि दर दोन सळयांमध्ये एक वळलेली वेल. सळयांच्या जागी निळसर काळ्या सरळ रेघा आहेत आणि वेलीच्या जागी अर्धवट वळणे, कुठे ठळक, कुठे पुसट. कापड दोन पदरी होते, त्यामुळे काही ठिकाणी एकावर एक अशी दुहेरी छाया आहे. पहिल्या दिवशी मला ते बघवले नाही.

गुरुवारी सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, इथूनच तर तिची आई वाटी द्यायची. मग माझ्या लक्षात आले. तुमची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यामध्ये हा एकच कठडा होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकूंनी त्याच्यावरून मला गोळाभाताचे पातेले दिले होते, आणि पुढची वीस-बावीस वर्षे किती वाट्या इकडून तिकडे गेल्या याची गणती नाही. तुमचे घर पाडून तिथे इमारत उभी राहिली. आमच्या बाजूचा कठडा आम्ही तसाच ठेवला आहे. काकू त्याच्यावर कोपर टेकून उभ्या राहत, आणि कुणी सांगावे, हेच पातळ तेव्हा कितीदा तरी त्यांच्या अंगावर असेल.

हे मी माझी चूक हलकी करण्यासाठी लिहीत नाही. मला आणि सासूबाईंना असे वाटले म्हणून तुलाही तसेच वाटावे, असा माझा मुळीच आग्रह नाही. पातळ तुझ्या आईचे आहे. तुला त्यात डागाखेरीज काही दिसले नाही, तर तेच बरोबर.

काकूंच्या गोधडीचीही या दिवसांत सारखी आठवण येते. डिसेंबर २०१८ मध्ये तू माहेरी आली होतीस आणि २९ तारखेला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ती रात्र आठवते का? दोन-दोन ब्लँकेटे घेऊनही आपण कुडकुडत होतो, तेव्हा काकूंनी माळ्यावरून ती जाड गोधडी काढली. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, हे मी पुढे वाचले. त्या रात्री मात्र मी फक्त तिचे टाके मोजत होते, आणि एवढे बारीक धावदोरे आपल्याला कधी जमतील का असे मनात म्हणत होते. शिकायची सुरुवात मी त्यानंतरच्या उन्हाळ्यात केली. ती गोधडी आज असती तर मी तिचाच तुकडा मध्यभागी लावला असता, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होऊन अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत दुरुस्तीसाठी ठेवलेली ती गोधडी कुजली. तेव्हापासून मी एकही कापड खाली ठेवत नाही. या वेळी सगळे वर होते, तर ते वरून आले.

बाकी कामाची स्थिती अशी. दुसरे पातळ मी रंगवलेले नाही. ते तसेच पांढरे, निळ्या काठाचे, खालच्या बाजूला म्हणजे बाळाच्या अंगाला लागेल असे घातले आहे. मध्ये जुन्या धोतरांचे तीन थर आहेत. लांबी अडीच हात, रुंदी दोन हात धरली आहे. तुझ्या सासरी वाकळेला मध्यापासून टाके घालतात की कडेपासून, हे विचारायचे राहिले. मी कडेने सुरुवात करून आत आत जाते, म्हणजे थर सरकत नाहीत. खालचे चार थर कच्च्या टाक्यांनी जोडून झाले आहेत. सासूबाईंची नजर अधू झाली असली तरी सुयांत दोरा ओवून देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. सकाळी आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवतात आणि संध्याकाळी रिकाम्या सुया मोजून घेतात.

आता प्रश्न वरच्या थराचा आहे. पातळाचा दोन तृतीयांश भाग स्वच्छ पिवळा आहे आणि गोधडीला तो पुरून उरेल, तेव्हा तुला डाग नको असतील तर एकही डाग न येता ती पूर्ण होईल. उरलेला भाग मी घडी करून तुला परत पाठवीन, तो टाकणार नाही. उलट, कठड्याच्या रेघा असलेला तुकडा मध्यभागी घ्यावा असे तुला वाटले, तर वेलीच्या वळणावरून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालता येतील. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते: लोखंडाचा हा काळा रंग कालांतराने सुताला जाळतो. तो तुकडा बाकीच्या कापडाच्या आधी विरेल, आणि वीस वर्षांनी तिथे ठिगळ लावावे लागेल. नात मोठी होऊन ते ठिगळ लावील की नाही, हे तू आणि तुझी लेकच ठरवू शकता.

मला काय आवडेल ते मी मुद्दाम लिहीत नाही. डागांचा भाग आणि स्वच्छ भाग यांचे एकेक वीतभर तुकडे या पत्रासोबत पाठवते आहे. ते कडेचे आहेत, कापल्याने काही बिघडलेले नाही. दिवसाच्या उजेडात पाहा, लेकीलाही दाखव. बारसे वैशाखात धरले तरी हाताने टाके घालायला मला पाच आठवडे लागतील, म्हणून गुढीपाडव्याच्या आत तुझे उत्तर आले तर बरे होईल.

काटोलला आमच्या दिरांच्या बागेत तोडणीला आलेली मृग बहाराची संत्री त्या दिवशीच्या गारांनी जमिनीवर आली, हे जाता जाता लिहिते. ते आता पंचनाम्याची वाट पाहत आहेत. ह्यांनी कठड्याला रंग लावायचे ठरवले होते. तुझे पत्र येईपर्यंत मी त्यांना थांबवले आहे.

भाऊजींना नमस्कार सांग. लेकीला सांग की गोधडी वेळेवर येईल.

तुझीच,
शेजारीण