सिकलसेलची बातमी अर्धीच छापली

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात आलं की सिकलसेल, हा आई-बापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार, आता जीन थेरपीने मुळापासून जातो आणि पुढच्या पिढीला होतच नाही. त्या दिवसापासून माझा फोन थांबून नाही राहिला. नणंद, मावसबहीण, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच, आता तुझ्या पोराचं चांगलं होणार बाप्पा. मी उत्तर नागपुरात राहते, घरी पिको-फॉलचं काम करते, पोरगा १९ वर्षाचा आहे, आयटीआय करतो, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचा जीन आलेला. म्हणून लिहून राहिले. शिक्षण माझं बारावी, पण या एका रोगाबद्दल इतकी वर्षं डॉक्टरांना विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं आहे.

पहिली गोष्ट, त्या उपचारात सिकलचा जीन बदलतच नाही. कॅसजेव्ही नावाची ती थेरपी ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये, क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्रावर बनलेली जगातली पहिलीच. पेशंटच्या रक्तातून स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, काढतात, लॅबमध्ये त्यांच्यातला बीसीएल-११-ए नावाच्या जीनचा ब्रेक ढिला करतात आणि परत शरीरात सोडतात. हा ब्रेक कशाचा ते समजायला मला माझ्या पोराचं बाळपण आठवावं लागतं.

पहिले सहा-सात महिने त्याला काहीच नव्हतं, गुटगुटीत पोरगं. आठव्या महिन्यात एका सकाळी हाताचे पंजे आणि पायाची बोटं अशी सुजली की चांदीचे वाळे काढता येईनात, साबण लावून काढले आणि तो एवढा किंचाळला की घरमालकीण वर आली. एका दवाखान्यात मुरगळलं म्हणाले, दुसरीकडे वात. मालिश केली आम्ही, आता आठवलं तरी स्वतःचाच राग येतो. पॅटर्न कळायला पुढे वर्ष गेलं.

पहिले सहा महिने का काही झालं नाही हे मला खूप नंतर एका मॅडमनी समजावलं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, फीटल म्हणतात, त्यात सिकलची खोडच नसते. जन्मल्यावर ते हळूहळू बंद होतं आणि मोठ्या माणसाचं सुरू होतं, आणि खोड आहे ती या मोठ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये, बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, बस एवढंच. त्या एका बदलामुळे, ऑक्सिजन कमी झाला की, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांमध्ये अडकते आणि १२० दिवस जगायची ती १०-२० दिवसांत फुटते. तर पोटातलं हिमोग्लोबिन जो बंद करतो तोच हा ब्रेक. थेरपीवाले तो ढिला करतात आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन परत चालू होतं. मला तर हे ऐकून रडूच आलं होतं, कारण ते सहा महिने मी पाहिले आहेत.

पण म्हणजे सिकलचा जीन होता तिथेच राहतो. त्या पेशंटला उद्या लेकरं झाली तर त्यांच्याकडे एस, म्हणजे हा सिकलचा जीन, जाणारच. तुम्ही छापलं की जाणार नाही. हे दुरुस्त करा, कारण याच्यावर लोक लग्नं ठरवून राहिले.

दुसरं, ते काही एक इंजेक्शन टोचून घरी यायचं काम नाही. आधी बुसल्फान नावाची केमो देऊन जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, रिकामी करतात, कित्येक आठवडे दवाखान्यात, केस जातात, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. रिझल्ट जबरदस्त आहे हे मान्यच, ट्रायलमधल्या ३१ पैकी २९ जणांना किमान वर्षभर मोठा क्रायसिस, म्हणजे नसा अडकून उठणारं जबर दुखणं, आला नाही. आमच्याकडे तर एका उन्हाळ्यात तीनदा बॉटल लावायला पळावं लागतं, पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि पोरगा पाणी प्यायला विसरला की संपलं. पण किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, आपले १८ कोटीच्या वर. मी एका साडीच्या फॉलचे किती घेते ते सांगत नाही.

आपल्याकडेही काम चालू आहे, दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये बिरसा १०१ नावाची आपली जीन थेरपी जाहीर केली, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम या लस कंपनीला दिलं, मला खरंच आशा आहे. पण जाहीर झालं म्हणजे वॉर्डात आलं असं नसतं ना. ऑक्सब्रिटा नावाची सिकलसेलची गोळी २०१९ ला अमेरिकेत गाजावाजा करून आली होती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच जगभरातून परत घेतली.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? बातमी वाचून आमच्या ओळखीतल्या एका पोराने हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची रोजची कॅप्सूल सोडली. आता कायमचा इलाज येऊन राहिला तर रोज कॅप्सूल काहून खायची म्हणे. वीस दिवसांत ॲडमिट. अरे तीच साधी कॅप्सूल पण फीटल हिमोग्लोबिनच वाढवते, कमी प्रमाणात, पण रोज. अमेरिकेत १९९८ पासून सिकलसेलसाठी मंजूर आहे. मधूनमधून रक्त तपासावं लागतं, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण माझ्या पोराची बारावी तिच्यावर निघाली. तिच्याबद्दल तुमच्या बातमीत एक ओळ नव्हती.

आणि तपासणी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ७ कोटी लोक तपासायचे, ४० वर्षांपर्यंतचे. नवरा एएस, बायको एएस, म्हणजे दोघांकडे सिकलचा एकेकच जीन, दोघं ठणठणीत, तरी प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता चारात एक. आमचं असंच झालं, लग्नाआधी कोणी विचारलंच नाही.

परवा भाचीसाठी एक स्थळ आलं. भाची एएस आहे. मुलाच्या बायोडाट्यात उंची, पॅकेज, स्वतःचा प्लॉट, सगळं. मी फोन करून पॅटर्न विचारला तर मुलाचे वडील म्हणाले, ताई, ब्लड ग्रुप लिहिलाय ना खाली, ओ पॉझिटिव्ह. ब्लड ग्रुपवरून सिकलसेल कळत नाही साहेब, दुरुस्ती छापाल तेव्हा हे पण छापा.

तुमची एक वाचक,
उत्तर नागपूर