रेझर जुनाच, बॉक्स तेवढा नवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मेटलच्या सेफ्टी रेझरची फॅशन परत आल्याचा लेख वाचला, लेख छान आहे पण त्यात दोनतीन ब्रँडना 'क्रांतिकारी डिझाइन' म्हटलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. क्रांती कसली हो त्यात! बूड फिरवलं की वरची दोन पानं उघडतात तो प्रकार जिलेटने १९३४ साली अ‍ॅरिस्टोक्रॅट नावाने आणला होता, मग १९४० च्या दशकात सुपर स्पीड आला, आज ऑनलाइन मिळणारा चायनीज वेईशी त्याच घराण्यातला. डायल फिरवून ब्लेड किती लागावं ते कमीजास्त करायचं हेसुद्धा १९५० च्या दशकातलं आहे. खुद्द जिलेटने २०२० मध्ये संस्थापकाचं नाव देऊन दोन धारेचा रेझर पुन्हा काढला, तर त्याचं हेड बघून जाणकारांना जर्मनीच्या म्यूले आणि इंग्लंडच्या एडविन जॅगरची आठवण झाली, आणि त्या दोघांचं हेड मुळात एकच आहे.

आता याला चोरी म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार. जिलेटला अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळालं, ते १९२१ मध्ये संपलं, आणि संपलं की ते कुणीही बनवावं असाच तर कायदा आहे, आपल्याकडे आज पेटंट २० वर्षं आणि नोंदवलेलं डिझाइन जास्तीत जास्त १५ वर्षं चालतं. शिवाय जिलेटच्या आधी १८८० मध्ये कांफे बंधूंचा स्टार नावाचा सेफ्टी रेझर होताच, कातडी वाचवणारा गार्ड त्यात होता, जिलेटने भर घातली ती पातळ, वापरून टाकायच्या ब्लेडची. पुढे १९३० मध्ये तर गंमतच झाली, दुसऱ्या एका रेझर कंपनीच्या हेन्री गेझमन नावाच्या माणसाने नव्या ब्लेडच्या डिझाइनवरून जिलेटलाच कोर्टात खेचलं आणि शेवट काय तर दोन्ही कंपन्या एकत्र आल्या! म्हणजे या धंद्यात कोण कुणाची नक्कल करतंय हे शोधायला बसलं तर दिवस जाईल.

आणि सारखेपणाचं खरं कारण ब्लेडमध्ये आहे. त्या काळात मधल्या लांब खाचेचं जे ब्लेड आलं त्याच मापाचं आजही किराणा दुकानात मिळतं, मग भांडं ठरलं की झाकणाचं माप ठरलंच. ब्लेड किती वाकवायचं, गार्डपासून किती फट ठेवायची, धार किती बाहेर काढायची, डिझाइन करणाऱ्याच्या हातात मुख्यतः एवढंच उरतं. हां, पण पेटंट संपलेल्या जुन्या मॉडेलची नक्कल वेगळी आणि जर्मन कंपनी मेर्कुरचा फ्युचर नावाचा रेझर आज बाजारात विकला जात असताना हुबेहूब तसा दिसणारा चायनीज मिंग शी काढणं वेगळं, ते मला स्वतःला आवडत नाही.

माझी खरी तक्रार धातूबद्दल आहे. जुने जिलेट बहुतेक पितळेचे, वर मुलामा. आजच्या स्वस्त नकला जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात ओतलेल्या आणि वर चकचकीत क्रोम. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने असाच एक ऑनलाइन मागवला, कंपनीचं नाव लिहीत नाही, एकदा बेसिनमध्ये पडला आणि हेडच्या मधला आट्यांचा खिळाच तुटला, हँडल तसंच चकाचक आणि रेझर कचऱ्यात. पितळ असतं तर फार तर वाकलं असतं. मुलामा उडाला की पितळ पिवळं दिसतं आणि तरी चालत राहतं, जस्ताला मात्र पाणी लागून फोड येतात, खड्डे पडतात. भंगारवाल्याला दोन्ही दाखवा, पितळेचा भाव तो लगेच सांगेल. जस्त म्हणजे टाकाऊच असं नाही हं, वर म्हटलेल्या म्यूलेचं हेडही त्याच जातीच्या धातूचं आहे आणि नीट वापरलं, कोरडं करून ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं, फक्त ते सांगून विका ना! बॉक्सवर एमआरपी असते, देश असतो, 'व्हिंटेज', 'हेरिटेज' मोठ्या अक्षरात असतं, धातू बहुतेक वेळा नसतोच.

ठाण्यात हे लिहायला नको खरं तर. तीन हात नाक्याजवळ सुपरमॅक्सचा कारखाना होता, इथली ब्लेडं परदेशात जायची, वागळे इस्टेटच्या कितीतरी घरांना यातलं पोलाद, धार, कोटिंग तोंडपाठ आहे. अशा वाचकांना नुसतं 'प्रीमियम फिनिश' सांगून कसं चालेल?

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख आला तर प्रत्येक रेझरपुढे तीन गोष्टी छापा, हेड कशाचं आहे, हँडल कशाचं आहे, आणि खिळा तुटला तर नुसतं हेड वेगळं विकत मिळतं का. किंमत तर तुम्ही छापताच.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे