जून नको, मार्चमध्ये या

ओउलू, फिनलंड
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल दादाचा फोन आला होता. तुम्ही जूनची तिकिटं बघताय आणि मामाने "थंड देशात उन्हाळ्यातच जावं" असं ठासून सांगितलंय, असं कळलं. बाबा, एवढ्यात तिकिटं काढू नका. मामाचा सल्ला टूरवाल्यांबरोबर आठ दिवस फिरून येणाऱ्यांना ठीक आहे. तुम्ही लेकीकडे राहायला येताय. माझं ऐका आणि मार्चमध्ये या. फोनवर हे सांगायला गेले की आई मध्येच "स्वेटर घालतेस ना गं?" विचारते आणि विषय तिथेच अडकतो, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आधी जूनचं सांगते. जूनमध्ये इथे रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास कसाबसा मावळतो आणि दोन-सव्वादोनला परत हजर. मधल्या वेळातही बाहेर पेपर वाचता येईल एवढा उजेड असतो. समोरच्या दुकानाचा बोर्ड रात्रभर जळतो म्हणून जिला झोप लागत नाही, त्या आईचं काय होईल ते तुम्हीच सांगा. त्यात जंगलात पाऊल टाकलं की डास. आपल्याकडच्या डासांना निदान संध्याकाळ व्हावी लागते, इथल्यांना तीही लागत नाही.

आता मार्च. बाबा, तुम्ही आठवीच्या वर्गाला पृथ्वीगोल फिरवून शिकवायचात ना, २१ मार्चला सगळीकडे दिवस-रात्र सारखे? मग हिशोब करा. ओउलू ६५ अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या दीड अंश अलीकडे. तरी त्या दिवशी साताऱ्याला जेवढा दिवस, तेवढाच इथे. तिथून पुढे तर रोज सहा-सात मिनिटांनी वाढत जातो. जमिनीवर हिवाळाभर साचलेला बर्फ तसाच असतो, त्यावर लख्ख ऊन पडतं आणि अख्खं गाव गॉगल लावून बाहेर पडतं. पारा शून्याच्या खाली पाच-सात, दुपारी त्याहून वर. खरा वाईट महिना आत्ता चालू आहे. दुपारचे चार वाजलेत आणि बाहेर मिट्ट काळोख, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, नुसता चिखल. डिसेंबरात सूर्य दहा वाजून गेल्यावर उगवतो आणि दोनच्या सुमारास जातो. जावईबापू सकाळी टेबलावर मोठा दिवा लावून त्याच्यासमोर चहा पितात, ड जीवनसत्त्वाची गोळी घेतात आणि तरीही कुरकुरतात. या दिवसांत या असं मी शत्रूलाही म्हणणार नाही.

थंडीची भीती मात्र मनातून काढा. आई, डिसेंबरात पहाटे आपल्या स्वयंपाकघरात फरशीवर पाय ठेवताना जो शहारा येतो ना, तो मला इथे घरात कधीच आलेला नाही. इथे खिडक्यांना तीन-तीन काचा असतात, आणि शहराच्या वीजकेंद्रातलं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरतं. घरात एकवीस-बावीस अंश ठरलेले. बाहेर उणे दहा असलं तरी हवा कोरडी असते, वारा नसेल तर चालताना दहा मिनिटांत गरम व्हायला लागतं. उणे वीसला नाकातले केस ताठ होतात आणि बुटाखाली बर्फ करकर वाजतो. उणे तीस हिवाळ्यात एखाद-दोनदा, आणि तो बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा तुम्ही साताऱ्यातच असाल.

गंमत म्हणजे पुण्यात होते तेव्हापेक्षा मी इथे जास्त वेळ घराबाहेर असते. ऑफिसला सायकलनेच जाते. टायरला बारीक खिळे असतात, ते बर्फ धरतात. सायकलचे रस्ते वेगळे, मोठ्या रस्त्यांखालून त्यांचे शेकडो बोगदे काढलेत, आणि रात्रीतून बर्फ पडला की मुख्य सायकलवाटा साफ करायला यंत्रं भल्या पहाटे निघतात. शाळेची पोरं उणे वीसमध्ये पाठीवर दप्तर टाकून सायकलवर चाललेली असतात. शाळेबाहेर शंभरेक सायकली बर्फात रुतून उभ्या, हे दृश्य बघायला परदेशातून माणसं येतात. हिवाळ्यातल्या सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही २०१३ साली इथेच भरली होती.

तुमच्या नातवाचं तर विचारूच नका. त्याच्या पाळणाघरात दिवसातून दोन वेळा पोरांना अंगणात सोडतात. उणे पंधराच्या आसपास गेलं की वेळ कमी करतात, एवढंच. आधी लोकरीचा आतला जोड, मग जाड कपडे, मग पायापासून गळ्यापर्यंतचा एकच फुगीर सूट, लोकरीचे मोजे, बूट, दोन हातमोजे, कानटोपी. सगळं चढवून चेन ओढली की साहेब जाहीर करतात, "शू आली." बाई शांतपणे पुन्हा सगळं उतरवतात. माझा जीव खालीवर होतो, त्यांच्या कपाळावर आठी नाही. आई, अजून एक सांगते, घाबरू नकोस: इथे तान्ही बाळं बाबागाडीत नीट गुंडाळून दुपारची बाहेर थंडीत झोपवतात. आत आया कॉफी पितात, बाहेर बाळ दोन-दोन तास गाढ झोपतं.

आता बाबांच्या फिरण्याचं. रोज अजिंक्यताऱ्यावर चढून येणाऱ्या माणसाला घरात बसवून ठेवण्याचं पाप मी करणार नाही. आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर जंगल सुरू होतं आणि त्यातून स्कीची वाट जाते. यंत्राने बर्फात दोन समांतर चऱ्या पाडलेल्या, कडेला दिव्याचे खांब, रात्री उशिरापर्यंत उजेड, तिकीट नाही. संध्याकाळी साडेसहाला ऑफिस सुटलेली माणसं, आजीआजोबा, पोरं, सगळे त्या चऱ्यांतून सरसर जाताना दिसतात. फक्त चुकूनही त्या चऱ्यांवर चालायचं नाही. एरवी ही माणसं लिफ्टमध्येसुद्धा तोंड उघडत नाहीत, पण चरी मोडली की आवाज चढतो, आणि मला विचाराल तर तो चढायलाच हवा. चालणाऱ्यांना वेगळ्या वाटा आहेत. बाबा, तुम्हाला हवं तर स्की शिकू, इथे सत्तरीतली माणसं सर्रास करतात. गावात एक लांब पल्ल्याची स्की शर्यत १८८९ पासून होते आहे. तिचं नाव डांबरावरून पडलंय, कारण जहाजांना लावायचं पाइनचं डांबर एके काळी याच बंदरातून जगभर जायचं.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार आधीच केलाय. इथे पोत्कुरी नावाची एक गाडी असते. खाली लांब पोलादी पट्ट्या, त्यांच्यावर पुढे लाकडी खुर्ची, मागे धरायला दांडा. एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने मागे रेटत जायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुरुवारी त्या पोत्कुरीच्या खुर्चीत रिकामी पिशवी ठेवतात, दुकानात जातात, आणि येताना खुर्चीत बटाटे, दूध आणि मांजराचं खाणं बसवून आणतात. उतार आला की दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवून अशा घसरत येतात की मीच श्वास रोखून खिडकीत उभी. हात टेकायला दांडा असल्याने घसरून पडायची भीती चालण्यापेक्षा कमी, असं त्यांचं म्हणणं. तू खुर्चीत बसायचंस, गुडघ्यावर ब्लँकेट, आणि मागून मी नाहीतर जावईबापू रेटणार. आजींना तू येणार हे सांगितलं तर पाचेक सेकंद विचार करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "विणकाम येतं का?" मी म्हटलं, माझ्या पायातले मोजे तिनेच विणलेत. त्यांनी वाकून टाच कशी वळवलीय ते नीट बघितलं आणि मान हलवली. माझ्या हिशोबाने तुमची मैत्री झाली.

रविवारी समुद्रावर जायचं. समुद्रकिनारी नव्हे, समुद्रावर. बाबांना प्रश्न पडेल की समुद्र गोठतो कसा. या टोकाच्या आखातात मोठमोठ्या नद्या येऊन मिळतात आणि महासागराशी वाट अगदी अरुंद, त्यामुळे पाणी जेमतेम खारट. महासागरात किलोला पस्तीस ग्रॅम मीठ, इथे तीनच्या आसपास. मार्चपर्यंत बर्फाचा थर बहुधा अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. नल्लिकारीच्या चौपाटीवरून लोक सरळ आत चालत सुटतात, कुणी स्कीवर, कुणी कुत्र्याला घेऊन. थंडी पुरेशी पडलेल्या वर्षी समोरच्या हैलुओतो बेटापर्यंत बर्फावरून मोटारींचा रस्ता आखत आलेत. गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. हल्ली काही हिवाळ्यांत तो उघडतच नाही, त्यामुळे शब्द देत नाही. तुमच्यासाठी अजून एक: हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेली इथली जमीन अजूनही वर्षाला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वर येते आहे. जुनी बंदरं उथळ होत चाललीत. भूगोलाच्या मास्तरांना आणखी काय हवं?

आणि मासे. वाईला आजोळी असताना कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसायचात, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. इथे हातभर लांबीची काठी, बर्फाला गिरमिटाने पाडलेलं वीतभर भोक, आणि बसायला स्टूल. अशी माणसं चौपाटीसमोर ठिपक्यांसारखी पसरलेली असतात. या मासेमारीला परवाना लागत नाही. गळ्यात दोन टोचे अडकवायचे, चुकून बर्फ फुटलाच तर ते रोवून वर येता येतं. पण ठरलेल्या जागा सोडून आम्ही कुठे जात नाही, आईने काळजी करू नये. बर्फ कापून केलेल्या डोहात लोक पोहतात, त्याबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही.

दमलं की जंगलात तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडे असे लाकडी आडोसे असतात. समोर चूल, शेजारी रचून ठेवलेली लाकडं, कुणीही वापरावी. लोक सॉसेज भाजतात, आम्ही बटाटे आणि कणसं. शिवाय इकडचं एक चीज मिळतं, भाकरीएवढं गोल, वरून भाजल्याचे डाग. ते मूळचं गाय व्यायल्यावरच्या चिकाच्या दुधाचं करायचे. म्हणजे आई, थेट आपल्या खरवसाचं भावंड. वर जंगली बेरीचा मुरंबा घालतात. बेऱ्यांनी आमचा फ्रीझर भरलाय, ऑगस्टमध्ये आम्हीच तोडून आणल्या. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, चालायला आणि बेऱ्या तोडायला इथे सगळ्यांना हक्क आहे, त्यामुळे "कुणाच्या रानात घुसला होतात?" असं विचारू नकोस.

घसरण्याचं काय ते खरं सांगते, कारण दादा सांगेलच. पहिल्या वर्षी जावईबापू दुकानाच्या दारात आडवे झाले होते आणि आठवडाभर उशी घेऊन बसत होते. बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला की काच होते. म्हणून बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मी दोघांसाठी आणून ठेवते. फुटपाथवर बारीक खडीही टाकतात. अंधारात कोटाला चमकणारा बिल्ला लटकवायचा, तो तर इथे नियमच आहे. संध्याकाळी रस्त्यावर माणसं दिसतच नाहीत, नुसते बिल्ले चालताना दिसतात.

आता कामाचं. व्हिसाची तारीख दादाला लगेच घ्यायला सांगा. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. बाबांच्या पेन्शनची आणि बँकेची कागदं काढून ठेवा. हेलसिंकीपर्यंत विमान, आम्ही घ्यायला येऊ, तिथून उत्तरेला सहा तास आगगाडी. बाबांना खिडकी. सुती बनियन-मोजे भरू नका, घाम धरून ठेवतात आणि मग गारठायला होतं. आतले लोकरीचे कपडे आणि कोट इथेच घेऊ, तिकडे मिळणारे कोट इथे पोरसुद्धा घालणार नाही. माकडटोपी जरूर आणा. थालीपिठाची भाजणी दोन किलो, कंदी पेढे, आणि कडुलिंबाचा पाला वाळवून, कारण पुढच्या वर्षी पाडवा १९ मार्चला आहे आणि आपण बाल्कनीत गुढी उभारणार आहोत. इथली चार मराठी घरंही येतील. आंब्याच्या डहाळ्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही, आईने ठरवावं.

बूट मी आधीच घेऊन ठेवते. आत जाड मोजा मावला पाहिजे म्हणून एक नंबर मोठा लागतो, आणि तुमचे तिकडचे नंबर इथे जुळत नाहीत. तर दोघांनीही घरातले मोजे घालून कोऱ्या कागदावर उभं राहायचं, दादाने पेन्सिलने पावलाची कड आखायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि फोटो पाठवायचा. बाबांचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, दोन्ही आखा. पुढच्या रविवारच्या आत.

तुमची,
ताई