एलएलएमचा विचार करतोयस म्हणून…

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची युरोपातल्या विद्यापीठांची लांबलचक यादी, दोन्ही मिळाली. यादीतली विद्यापीठं मी क्रमानं लावून द्यावीत असं तू म्हणतोस. तेवढं सोडून बाकी सगळं सांगतो. एलएलएमच्या, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीच्या बाबतीत अख्ख्या विद्यापीठाच्या मानांकनाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

आधी एक समज डोक्यातून काढून टाक. तिकडची एलएलएम म्हणजे तिकडची वकिलीची सनद नव्हे. जर्मनीत वकील व्हायचं तर दोन राज्यपरीक्षा, मध्ये दोन वर्षांची उमेदवारी, आणि हे सगळं जर्मनमधून. नेदरलँड्समध्ये वकिलीसाठी डच कायद्याची पदवी लागते; आंतरराष्ट्रीय कायद्यातली इंग्रजी एलएलएम तिथं चालत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी एलएलएमची अटच नाही. म्हणजे वर्षभर पैसा ओतून तुला मिळणार ती एका विषयाची पक्की बैठक. तो विषय ठरला नसेल तर इतक्यात अर्जच करू नकोस.

तुझा मात्र ठरलेला दिसतो. पत्रात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांपुढे वाद मिटवणं, सोडून दुसरं काही नाहीच! मग यादीतली निम्मी नावं खोडून टाक आणि स्टॉकहोम नि जिनिव्हाकडे नीट बघ. स्टॉकहोम विद्यापीठात फक्त आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाचीच अशी एक वेगळी एलएलएम आहे, एका वर्षाची. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सची लवाद संस्था १९१७ पासूनची. आणि शीतयुद्धात, सत्तरच्या दशकात अमेरिका नि सोव्हिएत संघ दोघांनीही आपल्या व्यापारी वादांसाठी तटस्थ जागा म्हणून स्टॉकहोमला मान्यता दिली, तेव्हापासून त्या शहराचं नाव झालं. जिनिव्हात विद्यापीठ आणि ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट मिळून एमआयडीएस ही आंतरराष्ट्रीय वाद सोडवण्याविषयीची एलएलएम चालवतात. त्याचा पट मोठा आहे: लवाद आहेच, शिवाय देशादेशांमधले खटले आणि जागतिक व्यापार संघटनेतले वादही. व्यापारी लवादाचंच काम करायचं असेल तर स्टॉकहोम, गुंतवणूकदार विरुद्ध सरकार अशा प्रकरणांत शिरायचं असेल तर जिनिव्हा, असं माझं मत.

लायडन तू यादीत पहिलं ठेवलंयस. माझं प्रेम आहे त्या जागेवर, पण तुझ्यासाठी ती नाही. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक कायदा, नाहीतर हवाई आणि अवकाश कायदा शिकायचा असता तर डोळे मिटून जा म्हटलं असतं. हेग तिथून रेल्वेनं अगदी जवळ. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सुनावणी मी तिथल्या पीस पॅलेसमध्ये प्रेक्षकांत बसून ऐकली. कानाला हेडफोन, एक वकील फ्रेंचमध्ये बोलतोय, दुभाषी इंग्रजीत सांगतोय, आणि समोर गळ्याशी पांढरी झालर (जाबो) लावलेले न्यायाधीश. आरडाओरडा नाही, टेबलावर हात आपटणं नाही. वकील लिहून आणलेलं भाषण संथपणे वाचतो, प्रत्येक विधानाला तळटीप. वर्गात आम्ही तहांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३१, तहाचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारं, शब्दन्‌शब्द सोलून काढलं होतं. अख्खा युक्तिवाद त्याच कलमावर उभा राहताना ऐकला, तेव्हा कुठं त्या तासांचं चीज झालं.

गुणांचंही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या निकालाला हबकशील. डच पद्धतीत दहापैकी गुण, साडेपाचला पास. आठ मिळाले की लोक अभिनंदन करतात. दहा सहसा कुणाला मिळत नाहीत. जर्मन कायदा विभागांत तर अठरापैकी मोजतात, चारला पास, आणि नऊ मिळाले की माणूस हुशारांत गणला जातो. आता अठरापैकी नऊ म्हणजे पन्नास टक्के, असं तुझ्या गुणपत्रिकेवर उद्या कुणी वाचलं तर काय करशील? पदवीबरोबर मिळणारं डिप्लोमा सप्लिमेंट जपून ठेव, त्यात गुणपद्धत दिलेली असते.

पैशाचं थोडक्यात. एका वर्षाचे साठ ईसीटीएस, म्हणजे युरोपातले अभ्यासाचे क्रेडिट, आणि एक ईसीटीएस म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम. तेव्हा शिकता शिकता नोकरी करून फी भागवीन हे विसर. युरोपीय संघाबाहेरच्यांना नेदरलँड्स नि स्वीडनमध्ये फी बरीच जास्त पडते. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना फी नसते हे खरं, पण कायद्याच्या इंग्रजी एलएलएम बऱ्याचदा त्यात बसत नाहीत. त्यांना फी असते. शिवाय जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम, २०२४ च्या आकड्यानुसार ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागते. शिष्यवृत्ती हवी असेल तर युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेकडे बघ. कायदा आणि अर्थशास्त्राचा ईएमएलई हा अभ्यासक्रम त्या योजनेतून चालत आलेला, वर्षभरात एकाहून जास्त देशांत शिकवणारा. तुझ्या लवादाशी त्याचा थेट संबंध नाही, तेव्हा केवळ शिष्यवृत्तीसाठी तिकडे वळू नकोस.

शिक्षण संपल्यावर काम शोधायला नेदरलँड्स एक वर्ष राहू देतं, जर्मनी अठरा महिने. तिथल्या लॉ फर्ममध्ये परदेशी माणसाला जागा मिळते ती बहुधा लवादाच्याच विभागात, कारण तिथलं बरंच काम इंग्रजीतून चालतं. तेवढी एक गोष्ट तुझ्या पथ्यावर आहे.

स्वीडनचे अर्ज सगळ्या विद्यापीठांसाठी एकाच पोर्टलवर असतात आणि जानेवारीच्या मध्यालाच बंद होतात, वर्ग सुरू होणार ते थेट ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. तेव्हा इंग्रजीची परीक्षा आत्ताच देऊन टाक. शिफारसपत्रासाठी मोठ्या नावाच्या मागे लागण्यापेक्षा ज्यांनी तुझा मसुदा तपासलाय अशा वरिष्ठांना गाठ. आणि मोटिव्हेशन लेटरमध्ये ‘लहानपणापासून न्यायाची आवड’ वगैरे नको रे बाबा. तू त्या बांधकाम कंत्राटाच्या लवादात काय काम केलंस ते लिही, आणि कुठं अडलास तेही. पहिला खर्डा मला पाठव, लाल पेन घेऊनच बसतो.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकमित्र