पूल बंद व्हायच्या आधी जाऊन आले

डोंबिवली
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. रोज फोन होतो तरी आज मुद्दाम लिहायला बसले, कारण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं ठेव आता, दमली असशील" म्हणतात आणि आईकडे देतात, आईचा पहिला प्रश्न जेवलीस का आणि दुसरा गाडीला गर्दी होती का, तेवढ्यात माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून हे टाईप करून, प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि आईने शेजारी बसून ऐकायचं, मधेच दूध बघायला उठायचं नाही.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत ना, पूल पाडायला घेतला का. हो, एल्फिन्स्टनचा आपला पूल १२ सप्टेंबरच्या रात्रीपासून बंद केला. तेव्हा तुम्हाला बोलले नाही, पण बंद करायच्या आदल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी सरळ स्टेशनला न जाता पुलावर गेले. मी एकटीच नव्हते, बरीच माणसं आली होती, कोणी मुलांना घेऊन आलेलं, कोणी मोबाईलवर फोटो काढत होतं. एक आजोबा होते, लेंगा आणि पांढरा सदरा, कठड्यावर पालथा हात ठेवून नुसते उभे, कोणाशी काही बोलत नव्हते. मला तुम्हीच दिसलात. मग मी परळच्या बाजूने चालत पार पलीकडे गेले आणि परत आले, तुम्ही गिरणीत दुसऱ्या पाळीला जायचात तशी. आई, मधोमध जिथून खाली रूळ दिसतात तिथे थांबले, तू बाबांचा डबा घेऊन उभी राहायचीस तिथेच. मी तीन-चार वर्षांची असेन, पण खालून गाडी गेली की पूल थरथरायचा आणि मी तुझा पदर घट्ट धरायचे एवढं पक्कं आठवतं. त्या संध्याकाळीही गाडी गेली तेव्हा पायाला तोच हादरा बसला. तेवढ्यासाठी मी आणखी दोन गाड्या जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

आता तिथे दोन मजली पूल होणार आहे. खालून नेहमीची वाहतूक आणि वरून शिवडी-वरळी जोडरस्ता, म्हणजे अटल सेतूवरून आलेली गाडी थेट वरळीकडे निघून जाईल. पूल शंभर वर्षांवरचा होता, तो कधीतरी उतरवायलाच हवा होता हे मला पटतं आणि तुम्हालाही पटेल. पण नवा होईपर्यंत माणसांचे हाल आहेत. केईएमला, टाटा हॉस्पिटलला पश्चिमेकडून येणारे पेशंट आता दादरचा टिळक पूल नाहीतर करी रोडचा पूल धरतात, आणि करी रोडचा तर अरुंद, सकाळी एका बाजूने चालू आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूने. टॅक्सीत मागच्या सीटवर आडवं झोपलेलं माणूस आणि पुढे गाड्यांची रांग, असं बघितलं की पोटात कालवतं. आम्हा चालणाऱ्यांचं त्यामानाने बरं आहे, २०१७ ला स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली त्यानंतर मिलिटरीने बांधून दिलेला पादचारी पूल आहे, मी रोज त्यावरूनच जाते. स्टेशनचं नाव प्रभादेवी होऊन सात वर्षं झाली, तरी तुम्ही एल्फिन्स्टनच म्हणता आणि घरात मीही तेच म्हणते.

आई, गाडीच्या गर्दीची तुला काळजी वाटू नये म्हणून खरं तेच लिहिते. ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जीव गेले, त्या दिवशी तू मला पाच वेळा फोन केलास आणि मी एकही उचलला नाही कारण मी त्याच लाईनवर मागच्या गाडीत अडकले होते, डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती आणि फोन पर्समध्ये. तुझा जीव टांगणीला लागला होता हे मला नंतर कळलं, तेव्हा मी नीट सॉरीपण म्हटलं नाही, आज म्हणते. त्या दिवसापासून मी एक नियम केलाय, दारात उभं राहायचं नाही, गाडी सुटली तर सुटू दे. सकाळी अर्धा तास लवकर निघते, कल्याणला उलटं जाते आणि तिथून बसून येते. लेडीज डब्यात आमचा ग्रुप आहे, त्यातल्या एक काकू बँकेत आहेत, मार्चमध्ये रिटायर होणार, त्या माझ्यासाठी जागा धरतात. परवा त्यांनी अख्ख्या डब्याला मटार सोलायला बसवलं, घाटकोपर येईपर्यंत दोन किलो झाले, कारण घरी त्यांच्या सुनेला दिवस गेलेत आणि तिला मटारची करंजी खायची होती. मी इथे एकटी नाही आई. डब्यात एक दिवस दिसले नाही तर संध्याकाळी चार जणींचे मेसेज असतात.

वरळीच्या मावशीकडे जाऊन आले. बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्टला चाव्या मिळाल्या त्यात तिचा नंबर लागला हे तुला माहितीय, पण घर बघितलं नाहीस ना. १६० चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य गेलं तिचं आणि आता ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, उंच टॉवर. खिडकीतून हवा इतकी येते की पडदा उडून देव्हाऱ्यातला दिवा विझतो, म्हणून तिने देव्हारा आतल्या भिंतीला हलवला. एक गोष्ट बघून मात्र मला गलबलून आलं. ती अजून पहाटे चारला उठते आणि कळशी, हंडा, दोन बादल्या भरून ठेवते. म्हटलं मावशी, नळाला दिवसभर पाणी आहे की गं. तर म्हणाली, "माहितीय, पण भरलेला हंडा बघितल्याशिवाय मला चहा जात नाही." आता लिफ्टने खालीवर करायला पण शिकली आहे. तुझी फार आठवण काढते, म्हणते एवढी जागा झाली आणि बहीण राहायला येत नाही.

दादरच्या कबुतरखान्याचं तुम्ही टीव्हीवर बघितलं असेलच, ऑगस्टमध्ये ताडपत्री टाकून झाकला, मग आंदोलनं, गोंधळ. हायकोर्टात गेलेला विषय आहे. माझं मत विचाराल तर दाणे टाकणं बंद झालं ते बरं झालं, त्या विष्ठेने फुफ्फुसाचे आजार होतात असं डॉक्टर कधीपासून सांगतायत. पण बाबांच्या बोटाला धरून दाणे टाकलेत मी तिथे, त्यामुळे ताडपत्री बघून चुकल्यासारखं झालं.

आता मुद्द्याचं. आई, तू दरवेळी म्हणतेस मुंबई आता माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, दादरला जिन्यावर लोकांनी ढकललं होतं ते विसरले नाही. म्हणून मी एक दिवस सुट्टी टाकून तुझ्यासाठी सगळा रस्ता फिरून बघितला, जिथे जिथे जिना येईल तिथे थांबून लिफ्ट कुठे आहे ते शोधलं. कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ९ ऑक्टोबरपासून पूर्ण चालू झाली, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं, त्यातलं आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक, सगळीकडे स्टेशन. तर आपण असं करायचं, अकरानंतर गर्दी ओसरली की डोंबिवलीवरून सीएसएमटी लोकल, सवा तास बसून. सीएसएमटीला गाडी संपते, सगळे प्लॅटफॉर्म एका पातळीवर, त्यामुळे पूल चढायचा प्रश्नच नाही. तिथून मेट्रोच्या लिफ्टने खाली आणि सिद्धिविनायक स्टेशनला लिफ्टने वर, बाहेर आलं की देऊळ जवळच. मी हे सगळं तुझ्या चालीने हळूहळू चालून बघितलं. खाली एसी आहे, बसायला जागा मिळते, तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. एकच आहे, भुयारात फोनला रेंज जाते, म्हणून दादाला सांगून ठेव, फोन लागला नाही तर घाबरायचं नाही.

बाबा म्हणतील त्या मेट्रोत पाणी शिरलं होतं. खरंय, वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात २६ मेला शिरलं, स्टेशन चालू होऊन पंधरा-सोळा दिवसच झाले होते. यंदा पाऊसच २६ मेला मुंबईत आला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. पण तुम्ही येणार ते थंडीत. आणि बाबा, तुमची वरच्या मजल्याची पुढची सीट, जुन्या लाल डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाल्या, पण आता बॅटरीवरच्या एसी डबल डेकर आहेत, सीएसएमटीवरून मिळते. फक्त काच उघडत नाही, तोंडावर वारं लागणार नाही.

आणि बाबा, एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे, फोनवर जमत नाही. माझं ऑफिस गिरणीच्या जागेवर आहे म्हणून तुम्ही एकदाही आत आला नाहीत. दोनदा गेटपर्यंत आलात, मला डबा दिलात आणि तिथूनच फिरलात. मी कधी आग्रह केला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि संप मागे घेतला असं कोणी कधी सांगितलंच नाही हे तुम्ही किती वेळा बोलून दाखवलंत. त्या दारातून तुम्ही आत का येत नाही हे मला समजतं. पण झालं असं की तुम्ही दिलेला, साच्यावर म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा धोटा घरात शोकेसवर ठेवलाय, गेल्या आठवड्यात पोरगी तो हातात घेऊन बघत बसली, लाकूड कुठे गुळगुळीत झालंय, टोकाची पितळ कशी झिजलीय, आणि मला म्हणाली आई, हा पळायचा कसा? आजोबा एका वेळी किती साचे बघायचे? भोंगा झाल्यावर निघायचे की आधी? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मुंबईतली मेट्रोची सगळी स्टेशनं मला पाठ आहेत आणि माझे वडील किती साचे चालवायचे ते मला माहीत नाही बाबा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

आमच्या कंपाउंडमध्ये गिरणीची एक चिमणी, ते धुराडं, ठेवलीय, तिच्याखाली बाक आहेत, दुपारी चारच्या सुमाराला तिथे सावली येते. आत ऑफिसात यायचं नाही, कोणाला भेटायचं नाही. नुसतं त्या बाकावर बसायचं, तुम्ही, मी आणि पोरगी, आणि साचेखातं कुठे असायचं, सूत कातायचं त्रासन कुठल्या बाजूला, पाणी प्यायला कुठे जायचात, ते बोटाने दाखवायचं. तेवढंच. ती मोबाईलवर रेकॉर्ड करणार म्हणतेय, पण तुम्हाला नको असेल तर करणार नाही, मी तिला सांगितलंय.

माघी गणपती २२ जानेवारीला आहे, तेव्हा सिद्धिविनायकाला पाय ठेवायला जागा नसेल, म्हणून त्याच्या आधी या. बुकिंग हल्ली साठ दिवस आधीच उघडतं, शुक्रवार ९ जानेवारीची तुतारी एक्सप्रेस मी बघून ठेवलीय, दोन्ही लोअर बर्थ टाकते. दादरपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरा, मी प्लॅटफॉर्मवर असेन. पहाटे ठाण्याहून डोंबिवलीकडे येणाऱ्या गाड्या रिकाम्या असतात. आईने ती निळी सपाट चप्पल घालावी, नवीन नको, आणि गुडघ्याचा पट्टा पिशवीत तळाशी टाकू नये, वर ठेवावा. तांदूळ, नारळ काही आणू नका, ओझं होतं. कुळथाचं पीठ तेवढं थोडं आणा, पोरीला इथलं आवडत नाही.

पत्र मिळालं की बाबांनी फोन करायचा, आईने नाही. तिकीट काढू का एवढंच सांगा.

तुमची,
ताई